पाणी न दिलेली सुरी

त्या गल्लीत सुरीवाल्याचं खरं नाव विचाराल तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. नन्नाकाका म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील: ते काय, निळं दार, बाहेर कोळशाची पोती. नाव पडलं ते उगाच नाही. हातानं सुऱ्या घडवणारा हा माणूस, आणि गिऱ्हाईक दारात आलं की ह्यांचा पहिला शब्द "नाही". भेट द्यायला हवी? नाही. भिंतीवर टांगायला? नाही, भिंत काय कापते? परवापर्यंत हवी? मग बाजारात जा, तिथं पैशाला पासरी मिळतात. हा नन्नाचा पाढा पुरा होऊनही गिऱ्हाईक उभंच राहिलं, तर मग स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "हात दाखवा. काय कापता?"

काकू म्हणायच्या, "लग्नाला तेवढं हो कसं म्हणालात, देव जाणे."

"तू विचारलंस कुठं? तुझ्या बापानं विचारलं. त्याच्या हातात काठी होती."

तर अशा ह्या माणसाकडे एका सकाळी चाळिशीची एक बाई आली. ऑफिसचे कपडे, खांद्यावरची पिशवी पोटाशी धरलेली.

"एक सुरी करून हवी होती."

"नाही."

"धार नकोय तिला."

काकांची चालती कानस थांबली. तीस वर्षांत लोकांनी काय काय मागितलं होतं. केस चिरेल अशी धार, हाडातून जाईल अशी धार, कधी लावावीच लागणार नाही अशी धार. धार नको म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"बाई, मग सुरी कशाला? पट्टी घ्या. रेघा तरी मारता येतील."

बाई हसली नाही. तिनं पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. आत एक सुरी होती. पातं वीतभराहून थोडं जास्त, वर्षानुवर्षं घासून पोटाशी बारीक झालेलं. मूठ काळी कुळकुळीत, अंगठा बसतो तिथं चांगला खळगा पडलेला. आणि मुठीला लागून पात्यावर एक बारीक गोल, गोलात टिंब.

हा शिक्का नन्नाकाकांचा. नुसता त्यांचा नव्हे, त्यांनी जन्मात मारलेला पहिला.

"वस्तादांची," काका म्हणाले.

"मी त्यांची मुलगी."

आता वस्ताद कोण ते सांगायला हवं. मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराचे ते मुख्य. हाताखाली वीस माणसं, आणि वीसही चळाचळा कापायची. काका तिशीचे होते तेव्हाची गोष्ट. सुऱ्या करायला लागून तीन वर्षं झाली होती आणि नाक आभाळाला लागलं होतं. वस्ताद सुरी घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशी परत हजर. "टवका उडाला. पाणी जास्त दिलंयस." काकांनी दुसरी केली. चौथ्या दिवशी वस्ताद दारात. "दुपारपर्यंत धार बसते हिची. पाणी कमी पडलं."

पाणी म्हणजे प्यायचं नव्हे हो. पोलाद लालभडक तापवायचं आणि एका दमात बुडवायचं, ह्याला पाणी देणं म्हणतात. दिलं की पातं कणखर होतं, धार धरतं. जास्त झालं तर काचेसारखं फुटतं. दिलंच नाही, तर सुरी म्हणायची आपली, बाकी पत्रा. माणसाचं पाणी जोखतात असं आपण म्हणतो, ते ह्याच दुकानातून आलेलं आहे.

तिसरी सुरी वस्तादांनी नखानं टिचकी मारून कानाशी धरली. खिशातून कांदा काढला आणि तिथंच टेबलावर कापला. पाकळी पाकळी सुटी झाली, थेंबभर रस नाही. "कांद्याला कळता कामा नये, की आपल्याला कापलं," म्हणाले. मग पातं उलटंपालटं करून बघितलं. "शिक्का कुठाय तुझा?" काका म्हणाले, माझा शिक्का नाही. "मग कर. लेकरू जन्माला घातलंस, त्याला नाव नको?" ह्या एका वाक्यावर काकांनी गोल आणि टिंब केलं. त्यानंतरच्या साडेचारशे सुऱ्यांवर ते बसलं, आणि प्रत्येक वेळी शिक्का मारताना काकांच्या मनात एकच प्रश्न यायचा, की ही वस्तादांना चालली असती का.

"कसे आहेत?" काकांनी विचारलं.

मुलगी स्टुलावर बसली. काकू आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तब्येत ठणठणीत आहे. डोकं मात्र हातचं चाललंय. दोन वर्षं झाली. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग माणसं विसरायला लागले, मग मी. आता मला मॅनेजरबाई म्हणतात. आपण हॉटेलात आहोत असं वाटतं त्यांना." तिनं एक श्वास घेतला. "माझं काही म्हणणं नव्हतं. मॅनेजर तर मॅनेजर. रोज सकाळी टेबलाशी उभे राहायचे आणि कांदे कापायचे. तीन किलो. घरात आम्ही दोघं. शेजारी आधी आवडीनं न्यायचे, आता मी पिशवी घेऊन दिसले की जिन्यावरून परत फिरतात."

काकूंना हसू आलं, त्यांनी ते पदराआड केलं.

"गेल्या महिन्यात अंगठा कापला. नुसता कापला नाही, कापतच राहिले. ओरडले नाहीत. मी बघितलं तोवर कांदे लाल झाले होते. सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, धारेची वस्तू घरात नको. मी सगळं उचललं. धारेचे दगड, विळी, कात्री, सगळं. तेव्हापासून टेबलाशी उभेच असतात. मूठ उघडतात, मिटतात. जेवत नाहीत. माझी सुरी चोरली म्हणतात. लाकडाची आणून दिली, प्लॅस्टिकची दिली, बाजारातली बोथट दिली. हातात घेतात आणि भिरकावतात." तिनं कपाळावरचे केस बाजूला केले, तिथं हिरवट डाग होता. "ही बाजारातली. काका, हीच सुरी बोथट करून द्या. नाही म्हणू नका."

"नाही," काका म्हणाले.

"अहो!" काकू.

"अगं ऐक तरी. बोथट करून भागायचं नाही. हिच्यात पाणी आहे. वस्तादांच्या हाताला कुठं खरखरीत दगड लागला की घटकाभरात धार परत उभी करतील ते." पुढचं वाक्य काकांच्या तोंडात तयार होतं आणि ते बाहेर काढायला जीव होत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "हिची जुळी करावी लागेल. वजन, तोल, मूठ, सगळं हेच. फक्त पाणी द्यायचं नाही. मग धार लागली तरी टिकायची नाही."

"द्याल करून?"

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण मुलीनं हो धरली. जुनी सुरी तिनं नमुन्यासाठी ठेवली आणि तोंडावर रुमाल दाबून ती निघून गेली.

तीन आठवडे काका त्या कामाला लागले होते, आणि खोटं कशाला बोला, इतकं बारीक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. खरी सुरी करायची तर एक लांबी आणि गिऱ्हाईकाचा हात सांभाळला की झालं. इथं तीस वर्षांची झीज करायची होती. पातं पोटाशी तेवढंच बारीक. मुठीतला खळगा बोटानं चाचपत, कानशीनं एकेक खरवड काढत. लाकूड नवं दिसत होतं म्हणून ते चहाच्या पाण्यात ठेवलं, तेल चोळलं, पुन्हा चोळलं. दोन्ही सुऱ्या तराजूत टाकल्या तेव्हा काटा हलला नाही.

मग मूठ उतरवली आणि भट्टीचा दिवस आला. पातं लाल झालं, काकांनी ते सांडशीत धरून बाहेर काढलं, आणि हात आपोआप डावीकडे वळला. डावीकडे पाण्याचं पिंप असतं. तीस वर्षं तो हात त्याच बाजूला जात आलेला. काकांनी तो मधेच अडवला. लाल पातं हवेत धरून ते उभे राहिले. रंग उतरायला लागला, तेव्हा त्यांनी ते राखेत पुरलं आणि खाली बसले.

काकू आतून आल्या. "आज चर्र झालं नाही?"

"नाही."

काकूंनी राखेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून गेल्या.

सुरी झाली. मूठ परत बसवली, कडा गोल घासून घेतली. शिक्का काकांनी मारला नाही. म्हटलं, निदान एवढं तरी. मुलगी आली, सुरी घेऊन गेली, आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. डोळे सुजलेले.

"हातात घेतल्यावर चेहरा कसा उजळला, काका! मूठ बरोबर बसली. मग अंगठा इथं फिरवला, मुठीच्या वर. फिरवतच राहिले. आणि दिली फेकून. शिक्का शोधतात हो ते."

काकांनी सुरी घेतली, शिक्क्याचा खिळा घेतला, हातोडी घेतली. खोट्या कागदावर सही करायला बसवलेल्या कारकुनाचं जे होत असेल ते त्यांचं झालं. पण मारला. गोल आणि टिंब. जुन्यासारखं दिसावं म्हणून थोडं पुसटही केलं. एकदा बुडालं म्हटल्यावर पाणी गुडघाभर काय नि गळ्याएवढं काय.

संध्याकाळी तिचा फोन आला. "जेवले!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. आठवडाभर रोज फोन. कांदे कापले जात नव्हते, चिरडले जात होते, पण वस्ताद खूश होते. हाताखालच्या वीस माणसांना शिव्या घालत होते, म्हणजे तब्येत उत्तम. काका मनात म्हणाले, चला, आपली लाज गेली ती गेली, म्हाताऱ्याचं तरी भलं झालं.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो वेगळा होता. "काका, तुम्ही एकदा घरी येता का? काय करू मला कळत नाहीये."

तिसरा मजला, अरुंद जिना, कांद्याचा वास खालपासूनच. मुलीनं दार उघडलं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच काकांना आवाज ऐकू आला. सर्र. सर्र. सर्र. हा आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"दगड आणलात?" ते कुजबुजले.

"नाही हो. बघा तुम्हीच."

स्वयंपाकघरात पिवळ्या टेबलाशी वस्ताद बसले होते. हडकले होते, पण पाठ ताठ. समोर चहाचा कप उपडा घातलेला. कपाच्या बुडाशी जी खरखरीत, चमक नसलेली कडा असते, तिच्यावर ते पातं ओढत होते. एक बाजू दहा वेळा, दुसरी बाजू दहा वेळा. मधेच अंगठा आडवा फिरवून बघणं. हाताला एक हिसका नाही की एक कंप नाही.

काकांनी कपाळावर हात मारला. कप! ही युक्ती त्यांना कुणी शिकवली होती? ह्याच माणसानं. तिसऱ्या सुरीच्या दिवशी, चहा पिऊन झाल्यावर. "दगड नसला तर कप उपडा घाल, चहा पिणाऱ्याचा, बूड सुरीवाल्याचं." तीस वर्षं काका ते दुसऱ्यांना सांगत आले, आणि नेमकं ह्या वेळी विसरले. विसरायचा मक्ता काय एकट्या वस्तादांनीच घेतला होता!

"सकाळी उठल्यापासून हेच," मुलगी दबक्या आवाजात सांगत होती. "कप काढून घेतला तर बशी घेतात. सगळं स्टीलचं करून टाकलं, तर खिडकीच्या कट्ट्यावर घासायला लागले. बोटं सोलवटली. शेवटी मीच कप परत दिला. तासभर घासतात, मग दोन कांदे छान कापतात. तिसरा चिरडतो. मग स्वतःच्या हातांकडे बघत बसतात." तिनं ओठ दाबले. "काल मला म्हणाले, मॅनेजरबाई, मला काढून टाका. साधी धार लावता येत नाही मला आता, माझा हात गेला. आणि मुलासारखे रडले. एवढं झालं, काका, पण ते कधी रडले नव्हते."

काका जाऊन समोरच्या स्टुलावर बसले. वस्तादांनी मान वर केली, ओळखीचं काहीच डोळ्यांत आलं नाही. काकांनी हात पुढे केला. वस्तादांनी क्षणभर विचार करून मूठ त्यांच्याकडे करून सुरी दिली. शहाणा माणूस सुरी अशीच देतो.

काकांनी अंगठा आडवा फिरवला. धार होती. गोल घासलेल्या कडेवर, पाणी न दिलेल्या पात्यावर, चहाच्या कपाच्या बुडावर, पोटच्या मुलीला न ओळखणाऱ्या माणसानं ही धार उभी केली होती. आपल्याला जमली असती का? नाही. पाढ्यातलं नाही नव्हे, खरंखुरं नाही. आणि ही धार तिसऱ्या कांद्याला मरणार होती. वस्तादांचा हात गेला म्हणून नव्हे, नन्नाकाकांनी ती मरण्यासाठीच घडवली होती म्हणून.

"माझा हात गेला हो," वस्ताद त्यांना म्हणाले. अनोळखी माणसाला हवापाणी सांगावं तसं. "पूर्वी असं नव्हतं."

मग मात्र काकांना राहवलं नाही. "तुमच्या हाताला काही झालेलं नाही, वस्ताद. खोट सुरीत आहे."

मागून मुलगी "काका" म्हणाली, पण शब्द सुटून गेला होता.

वस्तादांनी सुरी काढून घेतली. नखानं टिचकी मारली, कानाशी धरली, डोळे मिटले. पुन्हा टिचकी. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून काकांना वाटलं, सांगितलं ते बरंच केलं.

"पाणी नाही हिला!" वस्ताद म्हणाले. "अहो, पाणीच नाही! मी आपला घासतोय, घासतोय. मॅनेजरबाई, ऐकलंत का? माझा हात नाही गेलेला. सुरीला पाणी नाही." मग अंगठा शिक्क्यावर गेला आणि थांबला. "पण शिक्का तर त्याचा आहे."

"कुणाचा?" काकांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"आहे एक पोरगा. डोकं तिरसट, पण हाताला खोट नाही त्याच्या. तो असं करायचा नाही." वस्ताद विचारात पडले. "विसरला असेल. माणूस आहे. तुम्ही त्या बाजूला जाता का कधी? निळं दार आहे."

"जातो."

"मग एवढी सुरी त्याला द्या. म्हणावं, पाणी द्यायचं राहिलंय. ओरडू नका हं त्याच्यावर. वस्तादांनी पाठवलीय म्हटलं की तो बरोबर करून देईल."

काकांनी सुरी घेतली. जिन्यावर मुलगी त्यांच्या मागोमाग आली.

"पाणी द्याल तिला?"

"दिलं तर ह्या धारेनं अंगठा तुटून खाली पडेल, पोरी. तू बघितलं नाहीस, काय धार लावलीय."

"आणि नाही दिलं तर?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण समोर तिचा चेहरा बघून मिटलं. "मला नाही माहीत," ते म्हणाले. मुलीनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काकांनी भट्टी पेटवली. पिंप भरलं. सुरी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. एक बुचकळी, एक चर्र, आणि ती सुरी आयुष्यभराची सुरी झाली असती. शिक्क्याला शोभली असती. कोळसे जळून राख झाले तरी ते बसूनच होते.

"द्या ना पाणी," काकू दारातून म्हणाल्या. "जे होईल ते होईल. तो माणूस तुमच्यावर विसंबून बसलाय."

"त्याची मुलगीही माझ्यावरच विसंबून बसलीय."

काकू आत गेल्यावर काकांनी कानस घेतली. पातं पकडीत आवळलं, आणि वस्तादांनी कपावर उभी केलेली धार उतरवायला लागले. पाच मिनिटांचं काम, पण हात सारखा थांबत होता. तीस वर्षांत त्यांनी धार उतरवली ती नवी लावण्यासाठी. ही धार नुसतीच उतरवायची होती. खाली टेबलावर बारीक चमकदार भुकटी पडली. ती त्यांनी फुंकली नाही, कागदात पुडी बांधून फळीवर ठेवली. का ठेवली म्हणाल तर त्यांनाही सांगता येणार नाही.

चार दिवसांनी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. पातं आरशासारखं चमकवलेलं होतं, त्याहून जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं.

"तो सुरीवाला भेटला," काका म्हणाले.

वस्तादांचे डोळे लकाकले. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली होती! मुलीचं नाव राहिलं नव्हतं, सकाळचं जेवण राहिलं नव्हतं, पण हे राहिलं होतं. "दिलं म्हणाला पाणी?"

काकांनी मुलीकडे बघितलं. ती ओट्याला टेकून उभी होती, तिनं नजर खाली केली.

"दिलं म्हणाला."

वस्तादांनी सुरी घेतली. टिचकी मारली, कानाशी धरली, डोळे मिटले. दुसरी टिचकी. तिसरी. समोरचा कांदा ओढला आणि पातं टेकवलं. कांदा दबला, साल फाटलं, रस टेबलावर आला. वस्ताद त्या रसाकडे बघत राहिले. काका मनाशी म्हणाले, आता रडतील, म्हणतील माझा हात गेला, मग आपण काय करायचं, कुठं तोंड लपवायचं.

पण वस्ताद रडले नाहीत. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, ती ऐकत नाही ना ह्याची खात्री करून घेतली, आणि टेबलावरून वाकून काकांच्या मनगटावर हात ठेवला.

"गेला हो त्याचा हात," ते कुजबुजले.

काकांनी मनगट तसंच ठेवलं.

"फार चांगला होता. मीच उभा केला होता त्याला. वय झालं असेल, काय करणार. होतं माणसाचं असं." त्यांनी मनगट थोपटलं. "त्याला सांगू नका. अशानं माणूस खचतो, मला ठाऊक आहे. म्हणावं, वस्तादांनी कांदा कापला, कांद्याला कळलंसुद्धा नाही. एवढा निरोप द्याल?"

"हो," नन्नाकाका म्हणाले.

"ह्याचं मी बघतो. घासून घासून सांभाळून घेऊ आपण. त्याच्या कानावर जायला नको." वस्तादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप उपडा घातला आणि पातं ओढायला सुरुवात केली. एक बाजू दहा वेळा, दुसरी बाजू दहा वेळा. मुलगी पाठ फिरवून नळाखाली भांडी धूत होती, भांडी केव्हाच धुऊन झाली होती. उठून जावं असं काकांना वाटत होतं, पण ते स्टुलावर बसून राहिले, आणि वस्ताद मधूनमधून मान वर करून त्यांच्याकडे बघून धीर दिल्यासारखं हसत होते.